टाके वाढवण्याची रीत आणि तिचा हिशेब

सुलट आणि उलट हे दोन टाके ज्यांच्या हाती नीट बसले आहेत, त्यांना गळपट्टा विणता येतो, चौकोनी दुपटे विणता येते, आणि थोडी चिकाटी असेल तर तुकडे जोडून शालही करता येते. परंतु मनुष्याचे अंग कोठेही चौकोनी नसल्यामुळे, मनगटापाशी अरुंद असलेली बाही दंडाकडे रुंद व्हावी, कमरेची पट्टी घट्ट बसावी पण तिच्यावरचे अंग सैल पडावे, टोपीचा माथा एका बिंदूपासून निघून कानांपर्यंत पसरावा, अशी ज्या क्षणी इच्छा होते, त्या क्षणी टाके वाढवण्याची विद्या शिकण्यावाचून गत्यंतर उरत नाही. नमुन्यांच्या पुस्तकांत या बाबतीत ‘दोन्ही कडांना एक एक टाका वाढवा’ एवढीच आज्ञा बहुधा असते. तो कोणत्या रीतीने वाढवावा, कडेपासून किती आत वाढवावा, आणि वाढ दिसावी की लपावी, हा सारा तपशील विणणाऱ्याला ठाऊक आहे असे गृहीत धरलेले असते. परिणाम असा होतो की, जी रीत प्रथम आईकडून किंवा शेजारणीकडून शिकली, तीच आपण बाहीला, टोपीला आणि शालीला सरसकट लावतो, आणि एका ठिकाणी शोभलेली वाढ दुसऱ्या ठिकाणी भोक किंवा गाठ होऊन डोळ्यांत का खुपते, याचे कोडे काही सुटत नाही.

हे कोडे सोडवण्याचा मार्ग रीतींची यादी पाठ करण्यातून जात नाही. तो वीण कशी उभी राहते हे समजून घेण्यातून जातो, आणि म्हणून आरंभ तेथूनच केला पाहिजे.

नव्या टाक्याचा आधार

विणलेल्या पोताकडे जवळून पाहिले, तर प्रत्येक टाका म्हणजे खालच्या टाक्याच्या फासातून ओढून काढलेला एक नवा फास असतो, आणि अशा फासांचे एकावर एक उभे खांब शेजारी शेजारी चढत गेलेले असतात. खालचा टाका वरच्याचा आधार. ज्या ठिकाणी आपण टाका वाढवतो, त्या ठिकाणी मात्र एक नवा खांब सुरू व्हावयाचा असतो आणि त्याच्याखाली कोणताही टाका नसतो. सबब, या नव्या टाक्याला आधार कोठून द्यावयाचा, हाच वाढीचा मूळ प्रश्न आहे. त्याची उत्तरे मुख्यत्वे चार आहेत: त्याला काहीच आधार न देता अधांतरी सोडणे, शेजारच्या टाक्याच्या आधारात त्याला वाटेकरी करणे, दोन टाक्यांच्या मधल्या आडव्या धाग्यावर त्याला उभे करणे, किंवा खालच्या ओळीतील टाक्यापासून त्याला काढणे. प्रत्येक रीतीचे गुण व दोष या एकाच गोष्टीतून निघतात, आणि हे सूत्र ध्यानात राहिले तर कोणत्या प्रसंगी कोणती रीत योग्य, याचा निर्णय पुस्तकावाचूनही करता येतो.

जाळीची वाढ

पहिली रीत सर्वांत सोपी. दोन सुलट टाक्यांच्या मध्ये, दोन्ही सुयांमधून धागा पुढे आणावा आणि पुढचा टाका नेहमीप्रमाणे सुलट विणावा. असे करताना धागा उजव्या सुईवरून मागे जातो आणि तिच्यावर एक तिरपा वेढा शिल्लक राहतो, जो पुढच्या ओळीत टाका म्हणून विणला जातो. टाके उलट असतील तर धागा आधीच पुढे असतो; अशा वेळी त्याला सुईभोवती पूर्ण फिरवून पुन्हा पुढे आणावे लागते, आणि हा फेरा विसरल्यामुळेच उलट ओळीतील जाळी पुष्कळदा हरवते. या टाक्याखाली आधार नसल्यामुळे तेथे एक स्वच्छ गोल छिद्र पडते. ते नको असेल, तर परतीच्या ओळीत तो वेढा मागच्या बाजूने सुई घालून विणावा, म्हणजे त्याला पीळ बसून छिद्र बुजते. परंतु छिद्र बुजवावयाचेच असेल तर पुढे सांगितलेल्या रीती अधिक नेटक्या आहेत, आणि जाळीच्या वाढीचा खरा उपयोग छिद्र हवे असते तेथेच आहे.

बाळाच्या टोपऱ्यात किंवा मोज्यात नाडी ओवण्यासाठी जी भोकांची ओळ लागते, ती एक जाळी आणि लगेच दोन टाके एकत्र, अशा जोडीने तयार होते. लहान बटणाचे काजही याच जोडीचे असते. येथे वाढलेला टाका शेजारीच कमी केला जात असल्यामुळे एकूण संख्या बदलत नाही. स्कॉटलंडच्या उत्तरेकडील शेटलंड बेटांच्या शालींमध्ये प्रसिद्ध असलेली एक लाटांची वीण या जमाखर्चाचे उत्तम उदाहरण आहे: १८ टाक्यांच्या घरात आधी तीन वेळा दोन टाके एकत्र विणावयाचे, मग सहा वेळा जाळी व एक सुलट, आणि शेवटी पुन्हा तीन वेळा दोन टाके एकत्र. सहा टाके गेले, सहा आले, आणि १८ चे १८ राहिले; परंतु वाढ मध्यभागी एकवटली व घट दोन्ही बाजूंना गेली, म्हणून पोत मध्ये फुगून कडेला आपोआप लाटा उठल्या. ही ओळ दर चार ओळींतून एकदाच यावयाची असते आणि बाकीच्या तीन साध्या असतात, तरी पाहणाऱ्याला सारी शाल अवघड जाळीची वाटते. वाढ केवळ रुंदी वाढवते असे नाही, ती पोताला दिशा देते, हे नवशिक्याने या एका विणीवरून शिकून घ्यावे.

एका टाक्यातून दोन

दुसरी रीत घरोघर चालते. टाका सुलट विणावा, पण डाव्या सुईवरून तो सोडू नये. उजवी सुई त्याच टाक्याच्या मागच्या धाग्यात घालून पुन्हा एकदा सुलट विणावा, आणि मगच तो सोडावा. एकाचे दोन झाले. हात क्षणभरही अडत नाही, धागा ताणला जात नाही, आणि भोक पडत नाही. मात्र दोन टाके एकाच आधारावर उभे असल्यामुळे दुसऱ्याच्या गळ्याशी एक आडवी गाठ दिसते, जी अगदी उलट टाक्यासारखी असते. ज्या विणीत दोन्ही बाजूंना सगळे टाके सुलटच विणले जातात आणि पोतावर आडव्या वळ्या उठतात, त्या विणीत ही गाठ वळ्यांत मिसळून बेमालूम होते. एक सुलट एक उलट अशा पट्टीतही ती उलट टाक्याच्या जागी नेमकी बसवता येते. साध्या गुळगुळीत पोतावर मात्र ती दिसते.

दिसावयाचीच असेल तर ती दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर दिसावी, ही दक्षता बहुतेकांकडून राहून जाते. या रीतीत गाठ नेहमी मूळ टाक्याच्या डावीकडे पडते, आणि म्हणून आरंभी कडेपासून दुसऱ्या टाक्यात व शेवटीही कडेपासून दुसऱ्या टाक्यात वाढ केली, तर एका बाजूची गाठ कडेपासून तिसरी व दुसऱ्या बाजूची दुसरी येते. उपाय साधा आहे: आरंभी १ टाका विणून दुसऱ्यात वाढ करावी, आणि शेवटी ३ टाके उरले असता त्यांतील पहिल्यात वाढ करून उरलेले २ साधे विणावेत. मग दोन्ही गाठी आपापल्या कडेपासून तिसऱ्या जागी येतात, आणि बाहीच्या शिवणीच्या दोन्ही अंगांना त्यांच्या सारख्या रेषा चढत जातात.

मधला धागा उचलून

तिसऱ्या रीतीत उजव्या सुईवरचा शेवटचा टाका आणि डाव्या सुईवरचा पहिला टाका यांना जोडणारा जो आडवा धागा असतो, तो उचलून त्याचाच टाका केला जातो. हा धागा उचलून साधाच विणला तर त्याच्याखाली छिद्र राहते. म्हणून त्याला पीळ देणे आवश्यक आहे, आणि पीळ कोणत्या दिशेने द्यावा यावर नवा टाका डावीकडे कलेल की उजवीकडे, हे ठरते. डाव्या सुईचे टोक समोरून मागे घालून धागा उचलला आणि तो मागच्या बाजूने सुलट विणला, तर टाका डावीकडे कलतो. टोक मागून पुढे आणून धागा उचलला आणि तो पुढच्या बाजूने विणला, तर टाका उजवीकडे कलतो. दुसऱ्या प्रकारात सुई शिरावयास जागा फार थोडी असते, आणि धाग्याशी झटापट करावी लागते, हीच रीत बरोबर चालल्याची खूण समजावी; सुई सहज शिरली तर पीळ बसलेला नाही आणि छिद्र पडणार हे निश्चित.

बाहीच्या एका कडेला एक प्रकार वापरला तर दुसऱ्या कडेला दुसरा वापरावा. कोणता कोठे, हा आवडीचा भाग आहे, पण दोन बाजू परस्परांचे प्रतिबिंब असाव्यात, यात तडजोड नको. हातमोज्यात अंगठ्यासाठी जी पाचर विणतात, तीत हा नियम डोळ्यांना लगेच पटतो: एका टाक्याच्या दोन्ही बाजूंना वाढ करून तीन, मग पाच, मग सात, असे दर तिसऱ्या फेरीला दोन दोन टाके चढत जातात, आणि दोन्ही कडांचे कल जुळले असतील तर ती पाचर हातमोज्यातूनच उगवल्यासारखी वाटते.

या रीतीची मर्यादाही तिच्या आधारातूनच येते. मधला धागा आखूड असतो. त्याचा टाका केला की लागणारी लांबी तो दोन्ही शेजाऱ्यांकडून ओढून घेतो. हात घट्ट असणाऱ्यांनी पुष्कळ वाढी एकाच ओळीत या रीतीने केल्या, तर ती ओळ आवळलेली दिसते; त्यांनी आधीची ओळ किंचित सैल विणावी.

खालच्या ओळीतून

चौथी रीत सर्वांत कमी दिसणारी. उजवीकडे कलणाऱ्या वाढीसाठी, डाव्या सुईवर जो पुढचा टाका आहे त्याच्या लगेच खालच्या टाक्याचा उजवा धागा उजव्या सुईने उचलून डाव्या सुईवर ठेवावा आणि सुलट विणावा, मग मूळ टाका विणावा. डावीकडे कलणाऱ्या वाढीसाठी मूळ टाका आधी विणावा, आणि उजव्या सुईवर गेलेल्या त्या टाक्याच्या दोन ओळी खाली जो टाका आहे, त्याचा डावा धागा डाव्या सुईने उचलून मागच्या बाजूने सुलट विणावा. येथे नव्या टाक्याला खराखुरा टाकाच आधाराला मिळत असल्यामुळे छिद्र नाही, गाठ नाही, पीळही नाही. एका खांबाला फांदी फुटावी तसा तो निघतो. परंतु मागील ओळीतून उसना घेतलेला धागा त्या ओळीला खाली खेचतो, आणि वाढ एकाच रेषेत प्रत्येक ओळीला केली, तर ती रेषा आखडून पोत वाकते. दोन वाढींच्या मध्ये निदान दोन-तीन साध्या ओळी जाणार असतील, तेथेच ही रीत वापरावी. बाहीला ती उत्तम, दर ओळीला वाढणाऱ्या कामाला ती वर्ज्य.

एकाच वेळी पुष्कळ टाके वाढवावयाचे असतील, म्हणजे बाळाचे झबले विणताना अंगाच्या कडेलाच बाहीचे १५–२० टाके जोडावयाचे असतील, तर या चारही रीती बाजूला ठेवून आरंभी सुईवर टाके घालतो तसेच नवे टाके कडेला घालावेत. धागा ओळीच्या एकाच टोकाला असतो, म्हणून एका बाहीचे टाके या ओळीच्या आरंभी आणि दुसरीचे पुढच्या ओळीच्या आरंभी घातले जातात. दोन बाह्यांत एका ओळीचा फरक पडतो, तो घातल्यावर कोणालाही कळत नाही.

बाहीचा हिशेब

रीत ठरली की हिशेब. तो सुई हाती घेण्यापूर्वी कागदावर करावा, आणि त्यासाठी ज्या लोकरीने व ज्या सुईने काम करावयाचे, त्यांनीच विणलेला चार इंची चौकोनी तुकडा धुऊन, वाळवून मोजावा. पुस्तकातील मापावर विसंबून केलेला हिशेब दुसऱ्याच्या हाताचा हिशेब असतो. आपल्याकडे सुयांचे जुने क्रमांक अद्याप प्रचारात आहेत, ज्यांत क्रमांक वाढेल तशी सुई बारीक होते (८ नंबरची सुई ४ मिलिमीटरची, तर १० नंबरची ३.२५ मिलिमीटरची), आणि परदेशी नमुन्यांत मिलिमीटर दिलेले असतात, ही खातरजमा आधी झाली नाही, तर पुढचे सारे गणित बिनचूक असूनही कपडा चुकतो.

उदाहरणादाखल असे धरू की, ९ नंबरच्या सुईवर एका इंचात ६ टाके व ८ ओळी बसतात, मनगटाची पट्टी ४४ टाक्यांची आहे, आणि दंडापाशी १२ इंच म्हणजे ७२ टाके हवे आहेत. फरक २८ टाक्यांचा. प्रत्येक वाढीच्या ओळीत दोन टाके वाढतात, म्हणून वाढीच्या ओळी १४. पट्टीपासून मुंढ्यापर्यंत १४ इंच, म्हणजे ११२ ओळी आहेत, आणि ११२ ला १४ ने भागले की नेमके ८ येतात. परंतु या सुबक उत्तराच्या मोहात पडू नये, कारण तसे केल्यास शेवटची वाढ अगदी मुंढ्याच्या तोंडाशी येते आणि काखेतील शिवण फुगते. शेवटचा एक इंच सरळ विणण्यासाठी राखून ठेवावा. मग उरल्या १०४ ओळी. त्यांना १४ ने भागले तर पुरे भाग जात नाहीत, आणि शिवाय वाढ नेहमी सुलट बाजूच्या ओळीतच यावी म्हणून अंतरे सम संख्येची हवीत. येथे युक्ती अशी: १४ अंतरे ६–६ ओळींची धरली तर ८४ ओळी होतात, शिल्लक २० ओळी दोन दोन करून १० अंतरांना वाटल्या, म्हणजे ४ अंतरे ६ ओळींची आणि १० अंतरे ८ ओळींची झाली. मनगटापासून हात लवकर भरत जातो, म्हणून ६ ओळींची चार अंतरे आधी घ्यावीत आणि ८ ओळींची नंतर. प्रत्येक वाढ कडेचे एक किंवा दोन टाके सोडून आत करावी, म्हणजे कड सरळ राहून शिवण घालणे सोपे जाते. वाढ झाली की त्या टाक्यात रंगीत दोऱ्याचा तुकडा अडकवावा आणि कागदावर खूण करावी. दुसरी बाही विणताना याच खुणा साक्षीदार असतात.

कमरेच्या पट्टीनंतर एकाच ओळीत टाके वाढवावे लागतात, तेव्हा प्रश्न वाटणीचा असतो. पट्टी ८६ टाक्यांची आहे आणि अंगाला १०० टाके हवे आहेत, तर १४ वाढी ८६ टाक्यांत सारख्या पसरावयाच्या. ८६ ला १४ ने भागून ६ येतात. १४ वाढींच्या मध्ये १३ अंतरे पडतात, तेरा सक ७८, आणि राहिलेले ८ टाके दोन टोकांना ४–४. म्हणून ४ टाके विणून एक वाढ, नंतर दर ६ टाक्यांनी एक अशा १३ वाढी, आणि शेवटी ४ टाके. टोकांना सुमारे निम्मे अंतर ठेवल्यामुळे पाठ आणि पुढचा भाग शिवले जातात तेव्हा शिवणीजवळही वाढीचे अंतर बिघडत नाही. या ओळीसाठी मधला धागा उचलण्याची रीत सर्वांत योग्य, कारण पट्टीच्या कडेशी पिळलेला टाका दिसत नाही. अंगावर वेण्यांची वीण असेल तर प्रत्येक वेणीखाली आणखी एक-दोन टाके द्यावेत. वेणीचा पीळ पोत आवळतो, आणि ती तरतूद येथेच झाली नाही तर छाती अरुंद होते.

गळ्यापासून खाली आणि मध्यापासून बाहेर

गळ्यापासून खाली विणल्या जाणाऱ्या स्वेटरात पाठ, पुढचा भाग आणि दोन बाह्या एकाच गोल सुईवर असतात, आणि त्यांच्या मधल्या चार तिरप्या रेषांच्या दोन्ही बाजूंना दर दुसऱ्या फेरीला वाढ होते. म्हणजे एका वाढीच्या फेरीत ८ टाके. या तिरप्या बाहीला रॅग्लन म्हणतात, आणि ते नाव वॉटर्लूच्या १८१५ च्या लढाईत उजवा हात गमावलेल्या ब्रिटिश सेनापती लॉर्ड रॅग्लनवरून आले आहे. वर्षभराच्या मुलासाठी वरच्याच मापाने गळ्याला ६४ टाके घ्यावेत: पाठ व पुढचा भाग २०–२०, बाह्या १०–१०, आणि रेषांचे ४. वाढीच्या २० फेऱ्या झाल्या, म्हणजे एकूण ४० फेऱ्या व सुमारे ५ इंच काम झाले, की पाठ व पुढचा भाग ६०–६० टाक्यांचे आणि बाह्या ५०–५० टाक्यांच्या होतात. येथे वाढ लपवण्याचे प्रयोजन नाही. चार रेषा हाच या स्वेटराचा अलंकार असतो, आणि म्हणून रेषेच्या टाक्याच्या दोन्ही बाजूंना जाळी घातली तरी ती शोभते. ज्यांना छिद्रे नकोत, त्यांनी मधला धागा उचलावा.

मध्यापासून बाहेर जाणाऱ्या कामात भूमितीची थोडी संगत धरावी लागते. परिघ त्रिज्येच्या सुमारे ६.२८ पट असतो. इंचाला ८ ओळी या मापाने दोन फेऱ्या विणल्या की त्रिज्या पाव इंचाने वाढते, परिघ दीड इंचाहून थोडा अधिक वाढतो, आणि इंचाला ६ टाक्यांप्रमाणे ९ ते १० टाके वाढवावे लागतात. दर दुसऱ्या फेरीला ८ टाके वाढवले तर चकती सपाट न राहता किंचित खोल होते, आणि टोपीच्या माथ्याला तेच हवे असते. टाके फार कमी वाढवले तर वाटी होते, फार वाढवले तर झालर उठते. काम मेजावर पसरून पाहिले की यांपैकी काय होत आहे हे कळते आणि पुढच्या फेरीत दुरुस्तीही करता येते. एलिझाबेथ झिमरमन (१९१०–१९९९) या इंग्लंडमध्ये जन्मलेल्या व अमेरिकेत स्थायिक झालेल्या विणकाम-शिक्षिकेने १९७४ सालच्या आपल्या पुस्तकात याच भूमितीचा वेगळा उपयोग केला: त्रिज्या दुप्पट झाली की परिघही दुप्पट होतो, म्हणून वाढ थोडी थोडी न करता, ९ टाक्यांपासून आरंभ करून १८, ३६, ७२, १४४ असे टाके एकेका फेरीत दुप्पट करावयाचे, आणि मधली साध्या फेऱ्यांची अंतरे ३, ६, १२, २४ अशी तीही दुप्पट करीत जावयाची. त्या मोठ्या अंतरांत वाढीची काळजी मुळीच नसल्यामुळे हवी ती जाळीची नक्षी मोकळेपणाने घालता येते.

न मागता झालेली वाढ

शेवटी, नवशिक्यांना छळणाऱ्या एका गोष्टीचा विचार केलाच पाहिजे: आपण वाढवले नाहीत तरी टाके वाढतात. ४० टाक्यांचा गळपट्टा हातभर होईतो ४६ टाक्यांचा होतो आणि त्याच्या कडा पंख्यासारख्या पसरतात. कारणे तीन असतात. ओळीच्या आरंभी धागा सुईवरून मागे ओढला गेला, तर पहिला टाका वर खेचला जाऊन त्याचे दोन्ही धागे दोन टाक्यांसारखे दिसतात आणि दोन म्हणूनच विणले जातात. म्हणून सुलट ओळ सुरू करताना धागा सुईखालून मागे न्यावा. एक सुलट एक उलट विणताना उलट टाक्यानंतर धागा मागे नेण्याचे राहिले, तर सुईवर वेढा पडतो, आणि तो म्हणजे नकळत झालेली जाळीची वाढ होय. तिसरे, लोकरीचा पीळ सैल असेल तर सुई धाग्याच्या मधूनच शिरते आणि अर्धा पदर वेगळा टाका होऊन बसतो. दर दहा ओळींनी टाके मोजावेत. चुकीचा वेढा एक-दोन ओळींतच लक्षात आला, तर तो खांब सरळ वेढ्यापर्यंत सोडून द्यावा. सुटलेला धागा शेजारच्या टाक्यांत हलके ओढून वाटून घेतला की खूणही राहत नाही. फार खाली गेला असेल तर उसवण्याचा हट्ट न धरता, कडेजवळ दोन टाके एकत्र विणून संख्या जुळवावी.

हे सारे वाचून लक्षात राहण्यासारखे नाही. ते हाताने एकदा करून ठेवण्यासारखे आहे. उरलेल्या लोकरीवर २४ टाके घालावेत, आणि चार चार ओळींच्या अंतराने एकेका रीतीने दोन्ही कडांना वाढ करीत जावे: आधी जाळी, मग एका टाक्यातून दोन, मग मधला धागा डावीकडे व उजवीकडे, आणि शेवटी खालच्या ओळीतून. प्रत्येक रीतीपाशी रंगीत दोरा बांधून कोणता रंग कोणत्या रीतीचा हे चिठ्ठीवर लिहावे, आणि तो तुकडा सुयांच्या पिशवीतच ठेवावा. पुढे जेव्हा नमुन्यात ‘एक टाका वाढवा’ एवढेच लिहिलेले आढळेल, तेव्हा त्या तुकड्यावरच्या खुणा पाहून, प्रस्तुत कपड्यावर त्यांपैकी कोणती चालेल हे ठरवावे, आणि मगच सुई चालवावी.